आधी चाल बघ

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "म्हणजे ती मांजरं तुम्ही आजारीच जन्माला घालता?" मी हो म्हणाले आणि आवाज नीट येत नाही असं सांगून फोन ठेवला. आवाज व्यवस्थित येत होता. लोकांची जनावरं वाचवायला बत्तीस वर्षं रात्री-अपरात्री उठलेल्या माणसाला त्या 'हो'च्या पुढे काय सांगायचं, ते सुचलं नाही. म्हणून आज लिहायला बसले. आईलाही वाचून दाखवा. तिच्यासाठी मधे मधे सोपं करून लिहिलंय, ते तुम्हाला बाळबोध वाटेल.

आधी तुमच्या प्रश्नाचं पुरतं उत्तर. आमच्याकडची मांजरं जीएम१ गँग्लिओसिडोसिस या मेंदूच्या आनुवंशिक आजाराच्या वंशातली आहेत. बोका आणि मांजर दोघं वाहक, दिसायला ठणठणीत. त्यांच्या पिल्लांत सरासरीने चारातलं एक आजारी निघतं. जनुकाची तपासणी लहानपणीच होते, त्यामुळे कोणतं पिल्लू आजारी ते आम्हाला आधीपासून माहीत असतं. पहिले तीन महिने ते भावंडांसारखंच हुंदडतं. साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास मान बारीक थरथरायला लागते, मग मागचे पाय फाकायला लागतात, आणि आठव्या महिन्याच्या आसपास त्याला उभं राहता येत नाही. कुठे थांबायचं ते प्राणी-प्रयोग समितीकडे आधीच लिहून दिलेलं असतं, 'आणखी एक आठवडा बघू' चालत नाही. शेवटचं इंजेक्शन मी स्वतः देते. ते काम दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही, हे मी पहिल्या वर्षीच ठरवलं.

यातल्या काही पिल्लांना आम्ही उपचार देतो, काहींना मुद्दाम देत नाही. तुलनेला ती लागतात. फोनवर हेही सांगायचं होतं, पण मी टाळलं.

आई, हा आजार काय ते तुला सांगते. आपल्या पेशीत लायसोसोम नावाची पिशवी असते. पेशीत जुनं-पुराणं झालेलं सगळं तिथे जाऊन फुटतं आणि पुन्हा वापरात येतं. फोडण्याचं काम एन्झाइमं करतात, प्रत्येकाचं काम ठरलेलं. त्यातलं बीटा-गॅलॅक्टोसिडेझ नसलं, तर मुख्यतः जीएम१ नावाचा पदार्थ फुटायचा राहतो आणि साठत जातो. मेंदूच्या पेशींत तो मुळातच भरपूर असतो, म्हणून मार मेंदूला बसतो. माणसाच्या बाळांत सगळ्यात तीव्र प्रकार असला तर पहिल्या वर्षातच शिकलेलं हातचं जायला लागतं: मान धरणं, हसणं, गिळणं. बहुतेक बाळं दोन-तीन वर्षांपलीकडे जात नाहीत. आईवडील दोघं निरोगी, घराण्यात कुणी आजारी नाही, आणि तरी हे होतं. कुणाच्या बाजूने आलं हे विचारण्यातही अर्थ नाही, कारण ते दोन्ही बाजूंनी आलेलं असतं.

बाबा, हा आजार मांजरातही होतो हे १९७१ साली नोंदवलं गेलं. एका सयामी मांजरात ते एन्झाइम नाही, असं हेन्री बेकर आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये छापलं. बेकर आपल्यातलेच, पशुवैद्यक. पुढे अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठात असल्या मांजरांचे वंश वर्षानुवर्षं सांभाळले गेले, आणि या विषयातलं बरंचसं ज्ञान त्या मांजरांकडून आलेलं आहे.

पण तुम्हाला मेंढ्यांची गोष्ट जास्त आवडेल. टेक्सासमध्ये एका जोडप्याकडे जेकब जातीच्या मेंढ्या होत्या, ठिपकेदार, काहींना चार-चार शिंगं. त्यांच्या कळपातली काही कोकरं सहा-आठ महिन्यांची झाली की झोकांड्या द्यायला लागत. त्यांनी ते नशिबावर सोडलं नाही, विचारत राहिले. शेवटी निघालं ते टे-सॅक्स, आमच्या जीएम१चाच भाऊबंद, फक्त एन्झाइम वेगळं. शंभराहून जास्त वर्षं जो आजार माणसाचा म्हणून ओळखला जात होता, तोच, त्याच एन्झाइमच्या अभावाने, मेंढीत. २०१० साली ते प्रसिद्ध झालं. या सगळ्याच्या मुळाशी काय, तर कळपाच्या मालकाने कोकराची चाल बघितली. तुम्ही बॅग उघडायच्या आधी शेतकऱ्याला बैल चार पावलं चालवायला सांगायचात आणि मला म्हणायचात, "आधी चाल बघ, मग हात लाव." मी दहा वर्षांची असेन. तेव्हा मला ते वेळकाढूपणाचं वाटायचं.

इथे आले तेव्हा माझी अवस्था काय होती ते तुम्हाला कधी लिहिलं नाही. बाकीच्यांचे हात जनुकं कापण्या-जोडण्यात बसलेले, मला पिपेट धरल्यावर घाम फुटायचा. पहिलं वर्ष मी रोज परत यायचा हिशेब करत होते. मग एके दिवशी लक्षात आलं की प्रयोगशाळेत सगळ्यांना जनुक कापता येतं, मांजर धरता येत नाही. भूल किती द्यायची, शुद्धीवर येताना त्याची जीभ का बघायची, न खाणारं मांजर आजारी आहे की नुसतं रुसलंय, हे त्यांना माझ्याकडून हवं होतं. तिथून माझं बस्तान बसलं. पिपेट नंतर जमलं.

उपचार म्हणजे काय, तर जनुक पोचवणं. त्याला वाहन म्हणून एएव्ही नावाचा विषाणू वापरतात. १९६५ मध्ये दुसऱ्याच एका विषाणूच्या नमुन्यात भेसळ म्हणून सापडलेला, स्वतःच्या बळावर धड वाढताही न येणारा. त्याच्या आतलं सामान काढायचं आणि आपलं जनुक भरायचं. जागा फार थोडी, सुमारे ४,७०० अक्षरांची. आमचं जनुक दोन हजारांच्या आसपास, त्यामुळे सोबतच्या सूचनांसकट आरामात बसतं. सगळ्यांचं नशीब असं नसतं, कित्येक आजारांची जनुकं त्यात मावतच नाहीत. आमच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे: एका पेशीत तयार झालेलं एन्झाइम थोडं बाहेर पडतं आणि शेजारच्या पेशी ते उचलून घेतात. म्हणून मेंदूतली प्रत्येक पेशी गाठावी लागत नाही.

उंदरात हे छान जमतं. पण उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर, गुळगुळीत. मांजराचा तीसेक ग्रॅम आणि त्याला आपल्यासारख्या वळ्या. वर्षाच्या बाळाचा जवळजवळ किलोभर. उंदरात एका टोचणीने जे सगळीकडे पसरतं, ते बाळाच्या मेंदूत एका कोपऱ्यात राहील. मधली पायरी लागते, आणि मांजर ती पायरी आहे. २०१४ मध्ये ऑबर्न आणि मॅसॅच्युसेट्सच्या गटांनी जीएम१च्या मांजरांचे निकाल छापले. मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमसमध्ये दोन्ही बाजूंना आणि लहान मेंदूच्या आतल्या केंद्रकांत विषाणू टोचला होता. उपचार न मिळालेली मांजरं आठ महिने जगली, उपचार मिळालेली बारा मांजरं सरासरी अडतीस महिन्यांहून जास्त. मी तो निबंध वाचला तेव्हा आकड्यांपाशी थांबले नाही, सोबतचे व्हिडिओ शोधले.

आता तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे? अडलं माकडांपाशी. टे-सॅक्ससाठीचा तशाच धर्तीचा उपचार उंदरांत चालला, मांजरांत चालला, आणि निरोगी माकडांच्या मेंदूत टोचल्यावर तिथली पेशीच मरायला लागली. एन्झाइम कमी पडलं म्हणून नाही, फार जास्त झालं म्हणून. २०१७ मध्ये ते छापून आलं. जे काम झालं नाही तेही छापायला धाडस लागतं, त्यांनी ते दाखवलं याचा मला आदर वाटतो. मग जनुकाला 'चालू हो' म्हणणारा भाग सौम्य करावा लागला. औषधाची मात्रा जास्त झाल्यावर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. फरक एवढाच की सलाइन बंद करता येतं, हे बंद करता येत नाही. पुन्हाही देता येत नाही. एकदा विषाणू शरीरात गेला की त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि दुसरा डोस वाटेतच मारला जातो. एका बाळाला एकच संधी. १९९९ साली फिलाडेल्फियात जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा जीन थेरपीच्या चाचणीत दगावला. तो विषाणू वेगळा होता, आजार यकृताचा होता, पण या क्षेत्रात काम करणारा कुणीच ते नाव विसरलेला नाही.

त्यानंतर गाडी हळूहळू पुढे गेली. २०१९ मध्ये बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जीएम१च्या मुलांना शिरेतून एएव्ही९, म्हणजे एएव्हीचाच एक प्रकार, द्यायची चाचणी सुरू झाली. त्याच वर्षी, स्नायू दुबळे करत नेणाऱ्या स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीच्या दोन वर्षांखालच्या बाळांसाठी असाच एएव्ही९वरचा उपचार अमेरिकेत मंजूर झाला. टे-सॅक्सच्या दोन मुलांना दिलेल्या उपचाराचा अहवाल २०२२ मध्ये आला. ती बरी झाली असं नाही. मेलेली चेतापेशी परत येत नाही, म्हणून वेळ फार महत्त्वाची, आणि निदान बहुधा उशिरा होतं. पण मेंढी, मांजर, माकड असं चालत आलेलं काम बाळापर्यंत पोचलं, हे खरं.

माझी एक चूक सांगते. आमच्याकडे मांजरांची देखभाल करणाऱ्या एक बाई आहेत, शिक्षण बेताचं, या कामात माझ्या दुप्पट वर्षं. एकदा त्या म्हणाल्या, "ही आता वरच्या फळीवर जात नाही." मी त्या मांजराचा एमआरआय नुकताच बघितला होता, चांगला होता. मी म्हटलं, थंडी आहे, आळसावली असेल. तीन आठवड्यांनी तिचे मागचे पाय फाकले. मी तेव्हाच ऐकलं असतं तरी ती वाचली नसती. पण उपचाराचा परिणाम नक्की कधी ओसरायला लागला, ती तारीख माझ्या वहीत तीन आठवड्यांनी चुकीची पडली होती. मी ती खोडून त्या बाईंची तारीख लिहिली आणि शेजारी त्यांची आद्याक्षरं. तेव्हापासून फळीची नोंद रोज होते.

चालीला आम्ही गुण देतो. जो गुण देतो त्याला कोणत्या मांजराला उपचार मिळालाय ते सांगत नाहीत, कारण माहीत असलं की डोळा खोटं बोलतो. माझाही बोलतो. ज्या पिल्लाला मी स्वतः टोचलंय ते मला नेहमीच जरा सरळ चालताना दिसतं.

गेल्या वर्षी एका मुलीचे आईवडील भेटायला आले होते. या आजाराच्या कुटुंबांचे छोटे-छोटे गट असतात, त्यांतले लोक येतात कधी कधी. मी वाहन, जनुक, डोस वगैरे सगळी तयारी केली होती. बाप खाली मान घालून ऐकत होता. आई मात्र काचेतून उपचार घेतलेल्या एका मांजराकडे बघत होती. ते वाडग्यातलं खात होतं. तिने एकच विचारलं, "हे स्वतः गिळतं?" मी हो म्हणाले. ती ते मांजर खाऊन संपेपर्यंत तिथेच उभी राहिली. त्यांच्या मुलीला पोटातल्या नळीने भरवतात, हे मला नंतर कळलं.

तुम्ही हे बरोबर की चूक असं विचारलं नव्हतंत, पण प्रश्नात ते होतंच. मला वाटतं, करण्यासारखं आहे. रोज सारखंच वाटतं असं मात्र नाही. उपचार घेऊन चार वर्षं जगलेलं मांजरही शेवटी आमच्याच टेबलावर येतं, कारण त्याच्या मेंदूत औषध कुठपर्यंत पोचलं ते बघावं लागतं. त्या दिवशी प्रयोगशाळेत कुणी मोठ्याने बोलत नाही. तुम्हीही पाय मोडलेल्या बैलाला झोपवून आल्यावर अंगणात उगाच गाडी पुसत बसायचात, ते मला आठवतं. तुम्ही कधी त्यावर बोलला नाहीत, मी कधी विचारलं नाही.

आणखी एक. दादाने कुणाला तरी "ती आता माणसांचं करते" असं सांगितलं म्हणे. त्याला सांगा, अजून ढोरडॉक्टरच आहे.

दादाच्या फोनवर दोन व्हिडिओ पाठवतेय. दोन्ही छापून आलेल्या निबंधांसोबतचे, कुणालाही बघता येणारे. दोन मांजरं, दोन्ही जीएम१ची, एकाला उपचार मिळालेला, एकाला नाही. मी मुद्दाम आजार नुकता सुरू होतानाचा तुकडा कापून घेतलाय, त्यामुळे सोपं नाही. दादाने नावं बघून सांगू नये म्हणून नावंही काढून टाकलीत. चष्मा लावून, आवाज बंद करून, मागच्या पायांकडे बघा. कोणतं कोणतं ते पुढच्या फोनच्या आधी कळवा, आणि किती पावलांत ओळखलंत तेही.

आईस सा. न.

तुमची,
धाकटी