तलाठी म्हणून सजावर रुजू झालेल्या लेकाला

जालना

चि. आशिष,
प्रभू येशूच्या नावात अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, इथं सगळेच पैसे घेतात. मी घेतले नाहीत म्हणून काही थांबत नाही, मी तेवढा वेगळा पडतो." मग पप्पांनी फोन घेतला आणि बोलणं पावसापाण्यावर गेलं. मी मुद्दामच गप्प बसले. ही फोनवर बोलायची गोष्ट नव्हे, आणि तू बोलत असताना तुझ्या शेजारी कोण बसलेलं असतं तेही मला माहीत नाही. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच.

तुझ्या खात्याशी सगळ्यात जवळचा बायबलातला अध्याय म्हणजे १ राजे २१, नाबोथाच्या द्राक्षमळ्याचा. संडे स्कूलमध्ये तुम्हाला तो अहाब राजाची आणि ईजबेल राणीची गोष्ट म्हणून शिकवला. राजाला वाड्याशेजारचा मळा भाजीपाल्यासाठी हवा होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन आहे, देणार नाही. पुढं ईजबेलनं त्याचा काटा काढला. पण आता तलाठी म्हणून तो अध्याय पुन्हा काढ. ईजबेलनं स्वतः एक दगडही उचललेला नाही. तिनं राजाच्या नावानं पत्रं लिहिली, त्याची मोहर मारली आणि ती नाबोथाच्याच गावच्या, इज्रेलच्या, वडीलजनांना आणि प्रतिष्ठितांना पाठवली. उपास जाहीर करा, त्याच्यावर दोन साक्षीदार उभे करा, मग बाहेर नेऊन दगडमार करा. त्या लोकांनी पत्रात होतं तसं तंतोतंत केलं. ते नाबोथाला लहानपणापासून ओळखत असणार. त्यांच्यातल्या कुणी "हे कसं काय?" एवढं विचारल्याचीही नोंद नाही. नियमशास्त्राला दोन साक्षीदार लागतात, तर दोन उभे केले. काम झाल्यावर वर निरोपही धाडला.

ते सगळे मुळातले दुष्ट होते असं मला वाटत नाही. वरून कागद आला, त्यावर शिक्का होता, शेजारच्यानं मान हलवली म्हणून यानंही हलवली. प्रेषित पौलानं रोमच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं की या युगाबरोबर समरूप होऊ नका, म्हणजे जगाची रीत तीच आपली रीत करू नका, ते मला या इज्रेलच्या वडीलजनांमुळं नीट कळलं. तुझ्याकडं रोज तोच प्रसंग आहे. जमिनीच्या नोंदीत बदल करायचा तर फेरफाराची नोटीस काढायची, हरकतीसाठी पंधरा दिवस द्यायचे, हा नियम आहे. ती नोटीस घरी बसून "पोचली" म्हणून लिहिली की कुणाच्या तरी मळ्याचं काम झालंच. बाप गेल्यावर वारस नोंदीत भावांची नावं येतात आणि बहिणी गाळल्या जातात, किंवा त्यांच्याकडून रडत-रडत हक्कसोड घेतली जाते आणि चावडीत कुणाला त्यात वावगं वाटत नाही. विधवेला चार चकरा मारायला लावल्या की ती पाचव्या वेळी कनवटीचे पैसे काढते. यातल्या कशातही कुणी तुला "पाप कर" म्हणणार नाही. "साहेब, अशीच पद्धत आहे" एवढंच म्हणतील.

तू म्हणतोस काही थांबत नाही. खरं आहे. मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे ते.

तू लहान असताना आपण बीडकडं होतो आणि मी तिथल्या एका खासगी दवाखान्यात सिस्टर होते. भिंतीवर गर्भलिंग सांगणं गुन्हा असल्याची पाटी होती. तो कायदा १९९४ चा. आतल्या खोलीत बाया यायच्या, बरोबर सासू असायची. बाहेर येताना "पेढे की बर्फी" एवढंच विचारलं जायचं. बर्फी, म्हणजे मुलगी, असली की दोन दिवसांनी तीच बाई परत दिसायची. मी सांगितलं की त्या खोलीत मी उभी राहणार नाही, दुसरीकडं कुठंही ड्युटी लावा. सोबतच्या सिस्टर मला म्हणाल्या, तू नाही तर दुसरी उभी राहील. महिनाअखेर मला कामावरून काढलं आणि दुसरी उभी राहिली. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागं मुली निघाल्या ८०७, अख्ख्या महाराष्ट्रात सगळ्यात कमी. २०१२ साली परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा लोकांना धक्का बसला. मला बसला नाही. ते आकडे मी एकेक करून दाराबाहेर जाताना बघितले होते.

पाळक साहेबांनी एकदा उपदेशात एका जुन्या पत्राबद्दल सांगितलं होतं. ख्रिस्ताच्या जन्माच्या आसपासचंच, इजिप्तमध्ये सापडलेलं. हिलारिऑन नावाचा माणूस कामासाठी अलेक्झांड्रियाला गेलेला, घरी बायको गरोदर. तिला तो मायेनं लिहितो की काळजी करू नको, पगार झाला की पैसे पाठवतो. आणि त्याच दमात लिहितो, मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. हे ऐकताना मला आपल्या दवाखान्याबाहेर बाकड्यावर बसलेले नवरे आठवले. तेही बायकोला प्रेमानं शहाळ्याचं पाणी पाजायचे. त्या काळी रोमच्या राज्यात नकोसं मूल उकिरड्यावर टाकणं ही रीतच होती, त्यात कुणाला लाज नव्हती. ख्रिस्ती लोकांनी ते करायचं नाकारलं. मूठभर लोक, बहुतेक गरीब, पुष्कळसे गुलाम. त्यांच्या नकारानं साम्राज्यात काही थांबलं नाही. तान्हं मूल मारणं हा मोठा गुन्हा ठरवणारा कायदा रोममध्ये आला तो इसवी सन ३७४ मध्ये. म्हणजे दहा-बारा पिढ्यांनी "आपल्यानं काय होणार" असं वाटत असतानाच आपल्या लेकी पाळण्यात ठेवल्या. त्या लेकी मात्र जगल्या. तू ज्या विधवेची नोंद पैसे न घेता करशील तिचं काम होईल, लेकरा. तालुक्यात बाकी काय चाललंय त्यानं तिच्या सातबाऱ्यावर काही फरक पडत नाही.

आता दुसरी बाजू, कारण तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू एकदा ठरवलंस की सगळ्यांशीच तोडून टाकशील. तसं करू नकोस. दानीएल बाबेलात गेला तेव्हा त्यानं तिथली विद्या शिकली, तिथली भाषा शिकली, राजाची चाकरी पत्करली, त्यांनी ठेवलेलं बेल्टशस्सर हे नावही चालवून घेतलं. एका ठिकाणी अडला, राजाच्या ताटातलं अन्न. तेही आरडाओरडा करून नाही. त्यानं मनात आधीच निश्चय केला होता, मग वरच्या माणसाला विनंती केली, दहा दिवस पाहा आणि मग ठरवा म्हणाला. मला यातलं "आधीच" फार महत्त्वाचं वाटतं. कुठं नाही म्हणायचं ते घरी बसून, प्रार्थना करून, वहीत लिहून ठरव. चहा समोर आल्यावर आणि पाकीट टेबलावर सरकल्यावर माणूस ठरवू शकत नाही. पुढं तोच दानीएल म्हातारा झाला आणि त्याचे सोबती त्याच्यावर टपले, तेव्हा त्यांना त्याच्या कारभारात एक चूक, एक गैरव्यवहार सापडला नाही. इतकं काम चोख होतं. तुझी ई-पीक पाहणी अर्धवट, दप्तर विस्कटलेलं आणि वर तू प्रामाणिक, असं असलं तर त्या प्रामाणिकपणाला कुणी भीक घालणार नाही.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडं जकातदार आले आणि आम्ही काय करावं म्हणाले, तेव्हा तो त्यांना नोकरी सोडा म्हणाला नाही. ठरलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणाला. सैनिकांना म्हणाला, कुणाला धमकावून पैसे काढू नका, पगारात समाधानी राहा. लूकच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायात आहे. तुझ्या नेमणुकीच्या आदेशाबरोबर ते एक पान लावून ठेव.

आणि हे "युग" म्हणजे आपल्या शेजाऱ्यांचा धर्म असं कधीही समजू नकोस. गावात सप्ता बसला तर मांडवाच्या परवानगीचं काम आनंदानं कर, पंगतीत जेव, कोतवालाच्या घरी लग्न असलं तर अक्षता टाकायला जा. मला दवाखान्यातून काढलं तेव्हा आपल्या घरी महिनाभर दूध पाठवणाऱ्या मावशी पंढरीच्या वारकरी होत्या. त्यांच्यापासून वेगळं राहायला मला देवानं सांगितलेलं नाही. आरतीला तू ताट धरणार नाहीस, ते त्यांनाही माहीत आहे आणि नम्रपणे सांगितलं तर कुणी वाईट मानत नाही.

वाळूचं मात्र मला खरंच भय वाटतं. गोदाकाठचा सजा आहे, रात्री चोरट्या वाळूचे हायवा ट्रक पळतात. एकटा कधीही अडवायला जाऊ नकोस, शौर्य म्हणून तर मुळीच नाही. मंडळ अधिकाऱ्यांना आणि तहसीलला लेखी कळव, पोलीस बरोबर असल्याशिवाय नदीत उतरू नकोस, प्रत्येक पत्राची पोच ठेव. कुणी वाटा वर पोचवायला सांगितला तर "माझ्याकडं येतच नाही, देऊ कुठून" एवढंच म्हण. फार दाबलं तर १०६४ हा लाचलुचपत विभागाचा नंबर आहे. तो सामान्य माणसासाठी आहे तसा तुझ्यासाठीही आहे. २०२५ च्या सप्टेंबरात गोदावरी आणि सिंदफणा दोन्ही शेतात शिरल्या तेव्हा पंचनाम्याच्या यादीत नाव यावं म्हणून खरवडून गेलेल्या रानाचे मालक हात जोडत फिरत होते. पुन्हा तशी वेळ आली तर यादी चावडीवर लाव, सगळ्यांसमोर वाच.

पण एकट्यानं हे फार दिवस चालत नाही. इसवी सन ११२ च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमी सुभेदारानं त्राजान बादशहाला ख्रिस्ती लोकांची चौकशी करून कळवलं होतं. त्यांचा अपराध काय, तर ठरल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत गातात, आणि शपथ घेतात: चोरी करणार नाही, दरोडा घालणार नाही, व्यभिचार करणार नाही, शब्द मोडणार नाही, कुणाची ठेव नाकारणार नाही. हे ते एकत्र म्हणत. तू रुजू झाल्यापासून रविवारची उपासना चुकवतो आहेस. आपल्या मंडळीत एक निवृत्त मंडळ अधिकारी आहेत, त्यांच्याशी मी बोलले आहे. त्यांनी चौतीस वर्षं ही नोकरी केली, दोन वेळा आडबाजूला बदली झाली, पण पेन्शन सुखानं खातात. ते तुझ्याशी दर रविवारी तासभर बसायला तयार आहेत.

शेवटी घरचं. हे युग आपल्या देवळातही बसलेलं आहे. पाळक नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं तिथं तुझे पणजोबा वाढले. गावकीची कामं सोडली म्हणून त्यांचं बलुतं तुटलं होतं, पण ज्या प्रभुभोजनाला ते बसायचे तिथं जात विचारली जात नव्हती. आज त्यांचीच नातवंडं-पतवंडं सोयरीक जमवताना हळूच "मूळचे कोण?" विचारतात. आणि तुला सरकारी नोकरी लागल्यापासून आपल्याकडं निरोप यायला लागले आहेत. मागच्या आठवड्यात संभाजीनगरचं एक स्थळ आलं. मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झालेली, चांगली, शांत. वडिलांनी न विचारताच चारचाकीचं नाव काढलं. बिचाऱ्यांना वाटलं, असंच बोलायचं असतं. पप्पांनी तिथंच सांगितलं की एक रुपया, एक भांडं, काही घेणार नाही, लग्नाचा खर्च निम्मा-निम्मा. तुझ्या मोठ्या काकांना ते आवडलेलं नाही. मंडळीत तोंड दाखवता येईल असं लग्न करा म्हणतात. मी त्यांना म्हटलं, चावडीत पैसे घेऊ नको म्हणून ज्या मुलाला सांगतो त्याच्याच नावावर आम्ही मांडवात घ्यायचे का? ते काही बोलले नाहीत, पण राग आहे. नाताळला येतील तेव्हा तू स्वतः बोल, आदरानं बोल.

त्या मुलीशी तुझं फोनवर बोलणं व्हावं असं तिच्या घरच्यांचं म्हणणं आहे. मी रविवारपर्यंत कळवते म्हटलंय. हुंड्याबद्दल तुझं स्वतःचं मत त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, आमच्या नव्हे. तेव्हा शनिवारी रात्री फोन कर. आणि पहिल्या पगारातून देवाचा दशमांश काढलास का ते सांग. पैसे कमी पडत असतील तर लाजू नकोस, माझ्या पेन्शनमधून पाठवते. पगार पुरेपर्यंत आपण घरचेच पुरवू.

तुझी,
आई