विकतची टर्की, विकतची चकली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुमारास आपल्या पुरवणीत विकतच्या फराळावरून वाचकांची चांगलीच जुंपली होती. 'भाजणी घरी भाजली नाही तर ती कसली दिवाळी' म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा होता. मी मूळची मिरजेची, गेली २२ वर्षं न्यू जर्सीत एडिसनला राहते आणि एका औषधांच्या दुकानात नोकरी करते. तेव्हाच लिहिणार होते, पण मध्ये थँक्सगिव्हिंग आलं आणि या वादाचा माझ्यापुरता निकाल तिथं लागला.

इथं नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंग, आभार मानायचा सण. १९४१ साली तसा कायदाच झालाय. घरोघरी अख्खी टर्की, म्हणजे कोंबडीपेक्षा बराच मोठा पक्षी, भाजतात. आमच्याकडे हे खूळ नव्हतं. मग अमेरिकन सून आली, तिच्यामागून व्याही-विहीण आले, आणि 'यंदा आमच्याकडे या' असं मीच बोलून बसले.

त्या पहिल्या वर्षी गोठवलेली कच्ची टर्की आणली. १४ पौंडांची, म्हणजे सहा किलोच्या वर. फ्रिजमध्ये दर चार-पाच पौंडांना एक दिवस धरून बर्फ उतरू द्यायचा असतो. मी सगळा मिळून दीड दिवस दिला. गुरुवारी सकाळी बघते तर आत दगड! मग बाथटबात गार पाणी भरून ती त्यात सोडली आणि दर अर्ध्या तासानं पाणी बदलत बसले. शिवाय ओव्हन रिकामा करायचा होता, कारण आपल्या लोकांच्या घरात ओव्हन म्हणजे कढया आणि तवे ठेवायचं कपाट. जेवायला रात्रीचे साडेनऊ वाजले. व्याही टर्की कापायला बसले तर मानेकडच्या पोकळीतून कलेजीबिलेजी भरलेली कागदी पिशवी निघाली, तीही पक्ष्याबरोबर छान भाजलेली. ती आधी काढायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

यंदा २७ नोव्हेंबरला वेगळाच योग जुळून आला. थँक्सगिव्हिंग आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवार एकाच दिवशी. त्यात सासूबाई इथं आलेल्या. घट मांडायचा, संध्याकाळी नैवेद्य दाखवायचा आणि त्याच स्वयंपाकघरात टर्की? मी शिजवलेली विकत घ्यायचं ठरवलं आणि सासूबाईंना सांगितलं, ''आज घरात मांस शिजणार नाही. ते दुसरीकडं कधीच शिजलंय. मी नुसतं गरम करणार.'' त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, ''मग झाकून कर.'' फॉइलनं झाकायचं हे कृतीतच असतं, हे मी बोलले नाही. घट वरच्या मजल्यावर मांडला.

आता माझी तक्रार. जवळच्या एका दुकानात दहा दिवस आधी नाव नोंदवलं होतं. गुरुवारी बरीच दुकानं बंद असतात, म्हणून बुधवारी संध्याकाळी आणायला गेले. खोका हातात घेतला तर थंडगार! काउंटरवरच्या पोराला विचारलं. म्हणाला, ''शिजलेलीच आहे, तुम्ही गरम करायची.'' किती वेळ लागेल? ''अडीच तास?'' असं त्यानं मलाच विचारलं. खोक्यावर 'पूर्ण शिजवलेली' ही अक्षरं बोटभर उंच, आणि गरम करायची कृती तळाशी, मुंगीएवढी. मी ती दुकानातच चष्मा लावून वाचली म्हणून बरं. नाहीतर पाहुणे दारात आल्यावर खोका उघडला असता. ऑर्डर देतानाच गरम मिळणार की गार, हे विचारून घ्यावं. गरम मिळणार असेल तर आणखी पंचाईत, कारण ती दोन तासांत खाऊन संपवावी किंवा मांस हाडांवरून काढून फ्रिजमध्ये टाकावं, असं इथलं कृषी खातं सांगतं. आत सारण भरून शिजवलेली तर घेऊच नका, असाही त्यांचा सल्ला आहे.

आमची १२ पौंडांची होती. ट्रेमध्ये अर्धी वाटी पाणी, वर फॉइल, ओव्हन ३२५ फॅरनहाइटवर. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता थर्मामीटर खुपसायचा आणि १६५ दिसेपर्यंत थांबायचं. अडीच तास लागले खरे, पोराचा अंदाज बरोबर निघाला. पण तेवढ्या वेळात मी सासूबाईंबरोबर वर बसून पोथी ऐकली, पुऱ्या लाटल्या, साडी बदलली. मागच्या खेपेला मी बाथटबाशी उकिडवी बसले होते. छाती जरा कोरडीच निघाली. ग्रेव्हीनं निभावली.

विहीणबाईंना मी आधीच भीतभीत सांगितलं होतं, ''यंदा विकतची आहे हं.'' त्या हसल्या. कित्येक वर्षं त्या स्वतः विकतचीच आणतायत आणि ग्रेव्हीही बरणीतली. नाकं मुरडली ती आमच्या इथल्या मराठी मैत्रिणींनी, ज्यांनी आयुष्यात टर्कीला हात लावलेला नाही. उरलेल्या मांसाचा मी दुसऱ्या दिवशी कांदा-लसूण मसाला घालून रस्सा केला. जावई नाही आम्हाला, पण व्याह्यांनी ती कसर भरून काढली. डबाच नेला.

सासूबाईंनी येताना मिरजेच्या एका बचत गटाच्या चकल्या आणल्या होत्या. टर्की कापायच्या आधीच पाहुण्यांनी त्यांचा फडशा पाडला. ''या तुम्ही केल्यात?'' विहीणबाईंनी सासूबाईंना विचारलं. सासूबाईंनी मान हलवली, आपण हलवतो तशी. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे अमेरिकन माणसाला कळत नाही, आणि आम्हीही कुणी सांगायला गेलो नाही.

आपली एक वाचक,
एडिसन, न्यू जर्सी