करवंदीच्या जाळ्या तोडू नका

महोदय,
डोंगरउतारावरची 'झुडपे साफ करून' यंदा पावसाळ्यात वृक्षलागवड होणार असल्याचे वृत्त आपल्या अंकात वाचले. लागवडीला विरोध नाही. पण सह्याद्रीच्या उतारांवर ही झुडपे म्हणजे बऱ्याचदा करवंदीच्या जाळ्या असतात आणि त्या तोडण्यास माझा ठाम आक्षेप आहे. करवंद बारमाही हिरवी असते, मुळांनी उतारावरची माती धरून ठेवते. तिच्या दुहेरी काट्यांमुळे गुरे-शेळ्या आत शिरत नाहीत. कोणत्याही जुन्या जाळीत डोकावून पाहावे. बाहेर चरून संपलेली झाडांची कोवळी रोपे आत निर्धास्त वाढताना दिसतात. बुलबुल तिची फळे खातात आणि बिया डोंगरभर पेरतात. एवढी आयती लागवड मोडून तिथे खड्डे खणायचे आणि ग्लिरिसिडियासारखे मध्य अमेरिकेतले झाड लावायचे, हे पटत नाही. २०१९ साली राज्याने ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले होते. रोपांचा हिशेब ठेवला जातो, तोडलेल्या जाळ्यांचा कुठे ठेवला जातो?

शिवाय एप्रिल-मेमध्ये, शेतात काम नसताना, कातकरी आणि ठाकर बाया घाटरस्त्यांवर पानांच्या द्रोणांतून करवंदे विकतात. त्या पैशाचा विचार आराखड्यात हवा. वन विभागाने जाळ्या राखून मधल्या उघड्या जागेतच खड्डे घ्यावेत आणि तसा लेखी आदेश कंत्राटदारांना द्यावा.

– एक वाचक, भोर (जि. पुणे)