मनू, कानात प्लग घालूनच नाच

प्रिय मनू,

काल तुझा फोन ठेवल्यापासून आई दोनदा म्हणाली तिला जाऊ देऊ नका, आणि मी दोन्ही वेळा म्हणालो की जाऊ दे. चौघी मैत्रिणी एकाच वेळी लॅपटॉप उघडून बसलात आणि एकीला बेल्जियमच्या टुमॉरोलँड म्युझिक फेस्टिवलची तिकिटं लागली, असं काही हाताला लागलं की जावं माणसाने. आईच्या डोक्यात ती आग बसलीये, २०२५ च्या जुलैत मेन स्टेज जळाला तेव्हा टीव्हीवर बघितलं होतं तिने. मी सांगितलं तिला की ते सुरू व्हायच्या दोन दिवस आधी झालं, पब्लिक आत आलंच नव्हतं, आणि त्यांनी दोन दिवसात दुसरा स्टेज उभा करून ठरल्या तारखेला सुरुवात केली. आता जरा शांत आहे ती.

माझी काळजी वेगळी आहे आणि फोनवर नीट सांगता आली नाही म्हणून टाइप करतोय.

तुला माहितीये मी फोन कायम डाव्या कानाला लावतो. तुला ती सवय वाटत असेल. सवय नाहीये ती. तुझ्या जन्माआधीपासून मी पथकात ताशा वाजवायचो, ११ वर्षं वाजवला, पावसाळा लागला की नदीपात्रात सराव आणि मग विसर्जनाला दुपारी उभं राहायचं ते थेट दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत. माझी जागा रांगेत डाव्या टोकाला असायची, म्हणजे बाकीचे सगळे ताशे माझ्या उजव्या कानाशी. पथक सुटल्यावर पण मी मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर जाऊन उभा राहायचो, तो बेस छातीत लागतो ना ते मला फार आवडायचं, अजूनही आवडतं. तू पाठवलेला तो डीजेचा तासाभराचा सेट मी पूर्ण ऐकला, तो ठोका ढोलासारखाच सरळ चालतो आणि मधेच थांबून परत पडतो तेव्हा अंगावर काटा येतो, त्यामुळे तू का जातेयस हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

पण सकाळी घरी आलो की कानात दडे बसलेले असायचे आणि आत एक बारीक शिट्टी. सीनियर पोरं म्हणायची झोप काढ, उतरेल. आणि उतरायची. दर वर्षी उतरायची, एका वर्षी उतरली नाही.

डॉक्टरांनी टेस्ट केली आणि कागदावरची रेघ दाखवली, सरळ चालत आलेली आणि ४००० हर्ट्झपाशी विहिरीत पडल्यासारखी खाली गेलेली. मोठ्या आवाजाने आधी तिथलंच ऐकणं कमी होतं म्हणाले. कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात त्या मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. उजव्या कानाला मला स, श, फ ही अक्षरं नीट येत नाहीत, चार लोक एकदम बोलायला लागले की मी नुसता मान हलवतो. रात्री सगळं शांत झालं की शिट्टी चालू, म्हणून थंडीत पण पंखा लावून झोपतो मी, आणि आई दोन गोधड्या घेते पण एका शब्दाने बोलत नाही.

तुला हे सगळं आत्ता सांगतोय कारण तू तीन दिवस तिथे असणारेस. हिशोब लक्षात ठेव, ८५ डेसिबलच्या आवाजात कानाला ८ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, ८८ ला ४ तास, ९१ ला २, असं करत १०० ला जेमतेम १५ मिनिटं. तुमच्या तिकडे फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या त्या भागात, २०१३ पासून नियमच आहे, तासाभराची सरासरी १०० च्या वर जाऊ द्यायची नाही आणि ९५ च्या वर असेल तर लोकांना इअरप्लग फुकट ठेवायचे. फुकट मिळतात म्हणून लाजू नकोस, माग आणि घे. आपल्याकडे मिरवणुकीत १६-१७ वर्षांची पोरं तासनतास भिंतीला चिकटून असतात आणि त्यांच्या हातात कोणी प्लग ठेवत नाही, याचं मला दर वर्षी वाईट वाटतं.

कापूस घालू नकोस, त्याने काही होत नाही, आम्ही तोच घालायचो. फोमचा प्लग बोटात बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा, तो आत फुगतो. नुसता टेकवला तर उपयोग शून्य. नाहीतर म्युझिकवाल्यांचे फिल्टरचे प्लग मिळतात त्यात गाणं दबल्यासारखं वाटत नाही, ते घे, पैसे मी पाठवतो. आणि स्पीकरच्या अगदी पुढ्यात उभी राहू नकोस, दर तासाने जरा लांब जाऊन बस.

बाकीचं तुला कळतंच. फेस्टिवल भरतो त्या बूम गावात पूर्वी विटांचा धंदा होता आणि ते मैदान म्हणजे माती काढलेल्या जुन्या खाणी, चिकणमाती आहे, पाऊस पडला की चिखल होणार, तेव्हा बूट ने आणि तंबू सखल जागी लावू नकोस. रात्री गार पडतं, स्वेटर ने. कोणाच्या हातचं उघडं काही पिऊ नकोस आणि चौघींपैकी कोणाला बरं वाटत नसेल तर लपवत बसू नका, रेड क्रॉसची माणसं असतात तिथे, सरळ जा, बाहेर असाल तर ११२ लावा.

आणि एक काम कर. पहिल्या रात्री तंबूत आडवी झालीस की प्लग काढ आणि दोन मिनिटं गप्प पडून राहा. कानात काही वाजतंय का बघ. वाजत असेल तर दुसऱ्या दिवशी मागे उभी राहा, आणि मला मेसेज कर, कितीही वाजले असू देत, मी जागाच असतो.

बाबा