फुललेली फांदी घरी आणताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाडव्याला कडुनिंबाची डहाळी हौसेने घरी आणणारे आपण कोल्हापूरकर एरवी दिवाणखान्यात फुले हवी झाली की प्लास्टिकात गुंडाळलेला जरबेराचा गुच्छ विकत का आणतो, हे कोडे मला दर वसंतात पडते. थंड मुलुखात लोक हिवाळा सरता सरता चेरीच्या किंवा फोर्सिथियाच्या मुक्या कळ्यांच्या काड्या कापून उबदार खोलीत फुलवतात. आपल्याला तेवढी खटपटही नको, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये आपली कित्येक झाडे पाने गाळून उघड्या फांदीवरच फुलतात आणि पाने नसल्यामुळे फांदीचा नुसता बाकही पाहण्यासारखा असतो.

माझ्या मते घरासाठी सर्वांत सोयीची ग्लिरिसिडिया, म्हणजे गिरिपुष्प. बांधावर आणि कुंपणाला ती लावलेली असते, हिरवळीच्या खतासाठी तिच्या फांद्या तशाही छाटल्या जातात आणि छाटल्यावर ती पुन्हा जोमाने फुटते. बोगनवेलही चालते, मात्र तिची हिरवी पाने काढून टाकावीत, नाहीतर दुपारपर्यंत रंग मलूल होतो. पळस आणि काटेसावर यांच्या वाटेला जाऊ नये, कारण त्यांची फुले घरात पटापट गळतात आणि झाडावर असताना ती पाखरांच्या उपयोगी पडतात. कण्हेर विषारी असल्याने लहान मुलांच्या घरात नकोच.

फांदी सकाळी उन्हाआधी कापावी, काप तिरका द्यावा, टोक जून असेल तर दोन-तीन सेंटिमीटर उभे चिरावे, पाण्याखाली येणारी पाने काढावीत आणि पाणी रोज बदलावे. भांडे जड हवे. मी हौसेने उंच काचेच्या फुलदाणीत फांदी ठेवली आणि पंख्याच्या वाऱ्याने फुलदाणी, फांदी व पाणी सारेच जमिनीवर आले. तेव्हापासून आजीचा पितळी तांब्या वापरते. त्यात एकच फांदी पुरते, दुसरी घातली की ती भारा वाटू लागते.

मात्र हे लिहिण्याचे खरे कारण वेगळे आहे. सकाळी फिरायला येणारी काही मंडळी रस्त्याकडेच्या बहाव्याच्या फांद्या ओरबाडून नेतात, आणि सालीसकट फाटलेली ती जखम पावसाळ्यात कुजते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 नुसार झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला इजा करणेही येते, हे बहुतेकांच्या गावीही नसते. दुसरीकडे, पावसाळ्यापूर्वी वीजतारांखालच्या फांद्या छाटल्या जातात, तेव्हा ऐन बहरातला गुलमोहर कचऱ्याच्या गाडीत जातो. छाटणीचे दिवस प्रभागात आधी कळवून त्या फांद्या सकाळभर कडेला ठेवाव्यात, म्हणजे ज्यांना हव्यात ते नेतील, अशी संबंधितांना विनंती आहे.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर