हात की गळा? आरोग्यमंत्र्यांना एका डायलिसिस तंत्रज्ञाचं खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

दर महिनाअखेरीला आमच्या युनिटमधून आपल्या खात्याकडे एक तक्ता जातो. मशीन किती, त्यातली चालू किती, महिन्यात डायलिसिस किती झाली, नवे रुग्ण किती, कमी झालेले किती. तो तक्ता गेली कित्येक वर्षं मी भरतो. सुया टोचणं आणि तक्ते भरणं ही माझी दोन कामं. त्यातल्या पहिल्यात माझा हात जरा बरा आहे. या तक्त्यात मला एक रकाना हवा आहे आणि असलेला एक दुरुस्त करून हवा आहे. एवढ्यासाठी मंत्र्यांना पत्र कशाला, असं वाटेल. म्हणून सविस्तर लिहितो.

समोर आलेल्या माणसाला मशीनला जोडायचं कुठून, हा आमचा रोजचा पहिला प्रश्न. कधीमधी कृत्रिम नळी, म्हणजे ग्राफ्ट, असते. ती सोडली तर उत्तरं दोनच. एक तर हातातला फिस्टुला, नाही तर गळ्याशी घातलेला कॅथेटर, म्हणजे मोठ्या शिरेत सोडलेली नळी. नव्या रुग्णांच्या यादीत मी समासात पेन्सिलीनं प्रत्येकापुढे ‘हा’ किंवा ‘ग’ लिहितो आणि यादी पाठवण्याआधी खोडून टाकतो. कारण ते कुणी विचारलेलंच नसतं. पण रुग्णाचं पुढे कसं होणार याचा अंदाज मला मशीनच्या आकड्यांपेक्षा या अक्षरावरून जास्त येतो.

फिस्टुला म्हणजे मनगटापाशी किंवा कोपरापाशी धमनी आणि शीर एकमेकींना शिवून जोडणं. धमनीतलं जोराचं रक्त शिरेत घुसतं आणि काही आठवड्यांत ती शीर फुगते, तिची भिंत जाड होते. तिला ‘पिकली’ म्हणायचं तर ढोबळ हिशेब असा: व्यास साधारण 6 मिलीमीटर, कातडीखाली 6 मिलीमीटरपेक्षा खोल नाही, आणि मिनिटाला 600 मिलीलिटरच्या आसपास रक्त वाहतं. आमचा पंप मिनिटाला 300 मिलीलिटर खेचतो म्हटलं, तरी चार तासांत 72 लिटर रक्त फिल्टरमधून फिरतं. साध्या शिरेला हे झेपणार नाही. ती पहिल्या पाच मिनिटांत मिटून बसेल.

अशा हातावर बोटं ठेवली की मुठीत भुंगा धरल्यासारखं खाली थरथरतं. आम्ही त्याला थ्रिल म्हणतो. सकाळी रुग्ण आला की ‘कसे आहात’ विचारण्याआधी मी त्याचा हात पुढे करायला सांगतो. थ्रिल लागली की दोघांचाही जीव भांड्यात पडतो. रात्री जाग आली की हात कानाशी नेऊन आवाज चालू आहे ना हे ऐकणारे रुग्ण मला माहीत आहेत. आणि एखाद्या सकाळी ती थरथर नसते. बोटाखाली नुसती कडक दोरी. तेव्हा रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघायचं मी टाळतो.

हे साधन काही नवं नाही. 1960 मध्ये सिअ‍ॅटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात टेफ्लॉनची नळी कायमची बसवून दीर्घकाळच्या डायलिसिसची वाट उघडली. नळी बाहेर असल्यानं तिच्यात रक्त गोठायचं, जागेला जंतुसंसर्ग व्हायचा. पुढे न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ब्रेशिया, सिमिनो आणि शल्यविशारद अ‍ॅपेल यांनी परकी वस्तू काढूनच टाकली. रुग्णाच्याच दोन वाहिन्या जोडल्या. त्यांचा लेख 1966 चा. तेव्हापासून फिल्टर बदलले, पंप बदलले, पडद्यावर रंगीत आलेख आले. फिस्टुला आजही साधारण तसाच करतात.

स्क्रिब्नर यांचे पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स. चाळिशीही न गाठलेला हा माणूस मरणाच्या दारात होता. पुढे 11 वर्षं जगला. 1971 मध्ये गेला तो हृदयविकाराच्या झटक्यानं. 1974 मध्ये सिअ‍ॅटलच्याच डॉक्टरांनी दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या 39 रुग्णांचा अभ्यास छापला आणि यांच्या धमन्या वेळेआधी म्हाताऱ्या होत आहेत, असं सांगितलं. किडनीचं काम मशीननं उचललं होतं, धमन्यांचं कुणी उचललं नव्हतं. 1998 मध्ये अमेरिकेतल्या आकड्यांवरून असं दिसलं, की पंचविशी-तिशीतल्या डायलिसिस रुग्णाला हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारानं मरण येण्याचा धोका ऐंशी ओलांडलेल्या इतर माणसाइतका असतो. माझ्या यादीत पंचविशी-तिशीतली मुलं आहेत. त्यांच्या जन्मतारखा लिहिताना हा आकडा मला दर वेळी आठवतो.

धमन्यांचं होतं काय, तर त्या कडक होतात. किडनी गेली की फॉस्फेट बाहेर पडत नाही, कॅल्शियमचा हिशेब बिघडतो आणि धमनीच्या मधल्या थरातल्या स्नायूपेशी चक्क हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. हाताच्या साध्या एक्स-रेत हाडांच्या शेजारून पांढऱ्या रेघा जाताना दिसतात. त्या धमन्या असतात. अशा धमनीत सुई घालताना शल्यविशारदाला करकर जाणवते. धमनीनं ताणून रक्ताचा जो दाब आवरायला हवा, तो ती ताणत नसल्यामुळे प्रत्येक ठोक्याला हृदयालाच सोसावा लागतो. ते जाड होतं, थकतं, एके दिवशी लय चुकतं. इथे नेहमीची उत्तरं पुरत नाहीत. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्या इतरांना उपयोगी पडतात, पण डायलिसिसवरच्या रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत, 2005 आणि 2009 च्या, अपेक्षित फायदा दिसला नाही. (हे वाचून कुणी परस्पर गोळ्या बंद करू नयेत; आपल्या डॉक्टरांना विचारावं.)

आता मुद्द्याचं. ‘ग’ अक्षर एवढं का पडतं?

काही रुग्ण एका रात्रीत आजारी पडून येतात, त्यांना इलाज नाही. पण बरेच जण दोन-तीन वर्षं बाह्यरुग्ण विभागात येत असतात. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती बिघडली ते सांगणारा रक्तातला आकडा, दर खेपेला थोडं वर गेलेलं केसपेपरवर लिहिलेलं असतं. शस्त्रक्रियेची चिठ्ठी मात्र लिहिली जात नाही. फिस्टुला पिकायला आठवडे, कधी महिने लागतात. आणि रुग्ण माझ्याकडे पोचतो तो दम लागलेला, पाय सुजलेला, पुढच्या तासाभरात डायलिसिस हवं असलेला. मग गळ्यातून नळी. ती नळी थेट हृदयाच्या तोंडाशी जाते. तिच्यातून जंतू आत शिरले की थंडी वाजून ताप येतो, रक्त दूषित होतं. शिवाय ती ज्या मोठ्या शिरेत राहते तिलाही आतून आवळून टाकते, आणि मग त्या बाजूच्या हातातला पुढचा फिस्टुलाही धोक्यात येतो.

दुसरं कारण मला जास्त लागतं, कारण ते फुकटात टळण्यासारखं आहे. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला एक सरळ, ठळक शीर असते. फिस्टुलासाठी याहून चांगली शीर नाही. आणि वॉर्डात सलाईन लावायला नेमकी तीच सगळ्यांची लाडकी. एक बाई आल्या होत्या. दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत निळे-काळे, टोचल्याच्या खुणा मोजवत नव्हत्या. किडनीचा आजार माहीत होऊन चार वर्षं झाली होती आणि त्या चार वर्षांत तीनदा दाखल होऊन गेल्या होत्या. कुणीही वाईट वागलं नव्हतं. सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं, आणि ते करता करता त्यांची शीर संपली होती. मनगटावर ‘या हातातून रक्त घेऊ नये, सुई लावू नये’ असा एक पट्टा पहिल्याच दिवशी बांधला असता तर? रक्त दुसऱ्या हाताच्या पंजाच्या पाठीवरून घेता येतं. त्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही, एक परिपत्रक लागतं आणि ते पाळलं जातंय का हे बघणारं कुणी तरी.

एक धोका मात्र आधीच सांगून ठेवतो. रकाना आला की लक्ष्य येतं, आणि लक्ष्य आलं की सगळे टक्केवारीच्या मागे लागतात. अमेरिकेत 2003 पासून फिस्टुला वाढवण्याची मोहीम चालली. फिस्टुला वाढले, पण न पिकणारेही बरेच निघाले, आणि ते पिकण्याची वाट बघत माणसं गळ्यातल्या नळीवरच राहिली. काही वयस्क, थकलेल्या रुग्णांना तर नळीच सोयीची असते. तिथल्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनी म्हणूनच टक्केवारीचा आग्रह सोडून प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र आखणी करायला सांगितलं. शिवाय फिस्टुला असलेले जास्त जगतात, यात मुळात धडधाकट माणसांनाच फिस्टुला होतो, हाही भाग आहे. तेव्हा मोजा, पण ‘अमुक टक्के झालेच पाहिजेत’ असा हुकूम काढू नका. आकड्यानं ‘असं का?’ एवढा प्रश्न विचारला तरी खूप.

तासांबद्दलही थोडं. आठवड्याचे 168 तास, त्यातले आमचे 12. उरलेल्या 156 तासांत अंगात साचलेलं पाणी आम्ही या 12 तासांत, म्हणजे चार-चार तासांच्या तीन खेपांत ओढतो. 60 किलोच्या माणसाचं एका खेपेत चार लिटर काढायचं तर ताशी एक लिटर, म्हणजे किलोमागे ताशी 16 मिलीलिटरहून जास्त. 13 च्या वर गेलं की मृत्यूचं प्रमाण वाढलेलं अभ्यासांत दिसतं. मला ते खुर्चीपाशी दिसतं: आधी जांभया, मग पायात गोळे, मग बीपी खाली. त्या वेळी हृदयाच्या स्नायूलाही रक्त कमी पडतं, आणि हे आठवड्यातून तीनदा. कडक धमन्यांना हे चढउतार सावरता येत नाहीत. फ्रान्समध्ये तासाँ इथे वर्षानुवर्षं आठ-आठ तासांचं डायलिसिस चाललं. बहुतेकांचं बीपी गोळ्यांशिवाय ताब्यात राहिलं. आठ तास सगळ्यांना जमणार नाहीत, मान्य. पण पैसे सत्रामागे मिळतात, तासामागे नाही, तोवर पाचवा तास कोण देणार? ‘डायलिसिस किती झाली’ या आकड्यात साडेतीन तासांचं आणि पाच तासांचं एकच मोजलं जातं.

शेवटचा मुद्दा ‘कमी झालेले’ या रकान्याचा. त्यात दुसऱ्या युनिटला गेलेले, किडनी बदललेले आणि वारलेले, सगळे एकत्र येतात. मागच्या महिन्यात मी तिथे 3 लिहिलं. त्यातल्या एकाला किडनी मिळाली. एक मुलाकडे राहायला गेले. तिसरे आठवड्यातल्या दोन दिवसांच्या सुट्टीनंतरच्या पहाटे, आमच्याकडे यायला निघण्याआधी, घरीच गेले. त्या लांब सुट्टीनंतरचा दिवसच सर्वांत जड असतो, हे 2011 मध्ये अमेरिकेतल्या हजारो रुग्णांच्या नोंदींवरून दाखवलं गेलं आहे. आपल्याकडे गेलेला माझा 3 मात्र यातलं काहीच सांगत नाही.

तेव्हा ‘कमी झालेले’चे तीन भाग करावेत, वारलेल्यांपुढे कारण आणि वार लिहायला जागा असावी, आणि नव्या रुग्णाच्या नावापुढे एक रकाना वाढवावा. तो अरुंद असला तरी चालेल. एका अक्षराचं काम आहे.

आपला,
एक डायलिसिस तंत्रज्ञ