गलवान मोजलेत, जिंगतांग का नाही?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

महासाथ आणि सुरक्षेवरचा कालचा अग्रलेख दोनदा वाचला. गलवानमधली चीनशी झालेली चकमक आली, लशींचे राजकारण आले, साथीच्या काळात जगभर युद्धबंदी व्हावी या ठरावासाठी सुरक्षा परिषदेला १ जुलै २०२० उजाडला हेही आले. समुद्राबद्दल एक ओळ नाही.

गलवानच्या दोनच दिवस आधी, १३ जूनला, ‘जग आनंद’ ही मालवाहू बोट ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर नांगर टाकून उभी राहिली. वर २३ भारतीय. सप्टेंबरात चीनच्याच काओफेइदियान बंदराजवळ ‘अनास्तासिया’ ही दुसरी बोट अडकली, तिच्यावर आपले १६ जण. ऑस्ट्रेलियाने करोनाच्या उगमाची चौकशी मागितली आणि चीनशी बिनसले. चीनने कारण दिले साथीच्या नियमांचे. कोळसा उतरू देईनात आणि माणसेही. ‘जग आनंद’ची मुले सुटली ती जानेवारी २०२१ मध्ये, जपानच्या चिबा बंदरात. भांडण दोन देशांचे आणि अडकली आपली मुले. ही सुरक्षेची बाब नव्हे तर काय?

माझा धाकटा तेव्हा दुसऱ्या बोटीवर इंजिनरूममध्ये ऑइलर, म्हणजे यंत्रांना तेल घालणारा, होता. नऊ महिन्यांचे कॉन्ट्रॅक्ट एप्रिलमध्ये संपले, साइन ऑफ, म्हणजे बोटीवरून सुटका, मिळाला डिसेंबरात. जुलैत त्याची दाढ सुजली. तीन बंदरे लागली, पण डॉक्टरकडे जायला एकाही ठिकाणी उतरू दिले नाही. कॅप्टनजवळच्या गोळ्या खाऊन त्याने चार आठवडे वॉच, म्हणजे पाळीची ड्यूटी, केले. मी रोज कंपनीच्या ऑफिसात फोन करी. “काका, रिलीव्हर, त्याच्या जागी येणारा माणूस, मिळाला की लगेच पाठवतो,” एवढेच ऐकू येई. मुलाचा फोन आला तरी त्याला नीट बोलता येत नसे. अशा दिवशी त्याची आई ताटावरून उठून जाई.

त्या वर्षअखेरीस असे सुमारे चार लाख खलाशी जगभर बोटींवर अडकले होते. त्यांना अत्यावश्यक कर्मचारी माना, हे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सांगितले तेव्हा डिसेंबर उजाडला होता. धान्य, तेल, औषधे मात्र सगळ्या देशांना वेळेवर हवी होती.

आणखी एक सांगायचे राहते. आमच्या आरोग्य केंद्रात कोव्हॅक्सिन लस होती, म्हणून मुलाने तीच घेतली. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आली ३ नोव्हेंबर २०२१ ला. तोवर ही लस परदेशात चालेना, म्हणून त्याच्या दोन बोटी हातच्या गेल्या. त्यावर कोणीच लिहिले नाही, आपणही नाही.

गुहागर तालुक्यात बोटीवर जाणाऱ्यांची घरे पुष्कळ आहेत. आपला बातमीदार पाठवा, मी स्वतः त्याला घरोघरी नेतो.

आपला,
एका खलाशाचे वडील, ता. गुहागर